परकी फौज आणि आपल्या गांवचें शिवार



मित्रराष्ट्राच्या फौजेला आपल्या भूमीवर छावणी द्यावी कीं नाहीं, आणि द्यावयाची ठरल्यास तिला लोकांची संमति कशी मिळवावी, हा प्रश्न आज अनेक देशांतील मुत्सद्द्यांपुढें आहे. बहुधा तो राजधानींत चर्चिला जातो. मला मात्र तो पुणें-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यांतील लोणी देवकर या गांवीं एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारला. "गुरुजी, असली पलटन माझ्या बांधाला येऊन बसली, तर आधी मला कुणी इचारंल का?"

त्या मुलुखाला हा अनुभव अगदींच नवा नाहीं. १८०२ सालीं ८ ऑक्टोबर रोजीं बारामतीपाशीं यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनीं पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. २५ ऑक्टोबरला हडपसरच्या मैदानांत पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजाही मोडल्या, आणि दुसरा बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरला. ३१ डिसेंबर रोजीं वसईस त्यानें इंग्रजांशीं तह केला. निदान ६,००० कवायती पायदळ, तोफा व गोरे गोलंदाज यांसह, पेशव्यांसाठीं कायमचें ठेवावयाचें आणि त्याच्या खर्चाकरितां २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, असें त्यांत ठरलें. इतर राज्यांशीं बोलणें करावयाचें तेंही इंग्रजांच्या सल्ल्यानें. हीच ती तैनाती फौज.

पुढल्या एप्रिलांत आर्थर वेलस्ली म्हैसुराकडून निघून नीरेच्या खोऱ्यांत अकलुजापर्यंत आला. तेथून बारामतीच्या बाजूनें घोडदळ घेऊन शेवटचे ६० मैल त्यानें सुमारें ३२ तासांत कापले आणि २० एप्रिल १८०३ रोजीं तो पुण्यांत दाखल झाला. १३ मे रोजीं बाजीराव पुनः गादीवर बसला. ज्यांच्या शिवारांवरून ही फौज गेली, त्यांच्यापैकीं कोणास वसईच्या कागदांतील एक तरी कलम ठाऊक असेल काय? रयतेची गोष्ट दूर राहिली. शिंदे व भोसले यांसारख्या सरदारांनाही त्या तहांत विचारलें गेलें नव्हतें, आणि त्याच वर्षीं असईच्या रणांत त्याचा निकाल लागला.

येथें बाजीरावाला केवळ शिव्याशाप देऊन भागणार नाहीं. लुटीनें आणि १८०३-०४ च्या दुष्काळानें पोळलेल्या रयतेला बंदोबस्त हवा होता. उभें पीक खाणारें घोडें कोणाच्या पागेंतलें, याची चौकशी शेतकरी करीत नाहीं. बाहेरच्या मदतीची गरज खोटी नव्हती, आणि आजही एखाद्या लहान राष्ट्राला बलाढ्य शेजाऱ्यापासून अशा मदतीची गरज भासली, तर तिला मी लाचारी म्हणणार नाहीं. वसईचा दोष निराळा होता. त्या तहाला मुदत नव्हती, आणि ज्यांच्या नांवानें तो झाला त्यांना 'नको' म्हणण्याची सोय नव्हती. गारपिरावर व शिरूरला रक्षणासाठीं म्हणून ठेवलेली हीच फौज पुढें पेशव्यांवर पहारा करूं लागली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस तिच्याशींच लढण्याची पाळी बाजीरावावर आली. परक्या राज्याची शेवटची गोरी पलटण मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियाखालून निघून गेली ती २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं. वसईपासून ही १४५ वर्षें झालीं.

आतां स्वतंत्र राष्ट्रांकडे पाहूं. फिलिपाइन्समध्यें अमेरिकेच्या तळांची मुदत वाढविणारा तह १६ सप्टेंबर १९९१ रोजीं तेथील सीनेटनें १२ विरुद्ध ११ मतांनीं फेटाळला, आणि पुढच्या वर्षीं सुबिकचा नाविक तळ रिकामा झाला. अमेरिकेनें तो निर्णय मानला. पुढें समुद्रावर चीनची दांडगाई वाढली तेव्हां त्याच देशानें २०१४ मध्यें नवा करार करून, स्वतःच्याच लष्कराच्या तळांवर अमेरिकन सैन्याला पाळीपाळीनें येण्यास वाव दिला. एकदां 'नाहीं' म्हणतां आलें, म्हणूनच पुढच्या 'हो'ला वजन आलें, असें मला वाटतें.

जपानची गोष्ट मात्र आपणां शहरवासीयांनीं मनावर घ्यावी अशी आहे. अमेरिकेशीं असलेली मैत्री तेथील पुष्कळ लोकांना मान्य आहे. पण देशाच्या भूमीचा शेंकडा एकही भाग नसलेल्या ओकिनावा प्रांतावर केवळ अमेरिकन सैन्यासाठीं राखलेल्या तळांच्या जमिनीचा सुमारें ७० टक्के बोजा आहे. हेनोको येथील नव्या बांधकामाविरुद्ध २०१९ च्या मतदानांत ७२ टक्के मतें पडलीं, तरी काम चालूच राहिलें. म्हणजे लोकमत मोजावयाचें टोकियोंत, आणि विमानांचा कर्कश आवाज ऐकावयाचा ओकिनावानें! पुण्यामुंबईंत बसून राष्ट्रहितार्थ मान डोलावणें आपल्याला सोपें आहे. छावणी प्रभात रस्त्यावर पडत नसते.

आपल्या देशांतही गुपचूप दिलेली परवानगी पचत नाहीं, हें १९९१ मध्यें दिसून आलें. आखाती युद्धाच्या वेळीं अमेरिकन लष्करी विमानें मुंबईस इंधन भरून घेतात, हें उघड होतांच गदारोळ उठला आणि चंद्रशेखर सरकारला ती सवलत थांबवावी लागली. २९ ऑगस्ट २०१६ रोजीं संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या कारकीर्दींत अमेरिकेशीं जो करार झाला, तो इंधन, अन्न, दुरुस्ती इत्यादि सोयी परस्परांना मोबदल्यानें देण्यापुरता आहे, त्यांत तळ देण्याची गोष्ट नाहीं, असा खुलासा त्यामुळेंच आवर्जून करण्यांत आला. तो खुलासा योग्यच होता. फौज किती, कोणत्या कामासाठीं, किती दिवस, तिच्यांतील शिपायानें गुन्हा केला तर तो कोणत्या न्यायालयापुढें उभा राहणार, आणि नुकसानभरपाई कोण देणार, हें आधीं न सांगतां मिळविलेल्या पाठिंब्याला मी पाठिंबा म्हणत नाहीं.

लोणी देवकरच्या त्या शेतकऱ्याला मी २०१६ च्या कराराची ही हकीकत सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाला, "आसंल. पन त्यो कागद मराठीत आसंल तर एकदा चावडीवर वाचून दाखवा." माझ्याजवळ तो नव्हता. पुढच्या खेपेस घेऊन येईन, असें सांगून मी एस्‌. टी. गांठली.