प्लास्टिकच्या टाकीचे म्हातारपण



भांड्याची कल्हई उडाली म्हणून ते कोणी टाकून देत नसे. कल्हईवाला ते निखाऱ्यांवर तापवायचा, नवसागर टाकून आतून कथील फिरवायचा, आणि भांडे पुन्हा लखलखीत. पत्र्याच्या टाकीचा गंजही खरवडून काढता येतो. पण मोटारसायकलची प्लास्टिकची पेट्रोल टाकी म्हातारी झाली तर काय करावे? आज आपण याचाच विचार करू.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या टाक्या पत्र्याच्या असतात, हे खरे. तरी डोंगरवाटांसाठी आणि शर्यतींसाठी केलेल्या कित्येक गाड्यांना प्लास्टिकची टाकी असते. ती गंजत नाही, हलकी असते, आपटली तरी तिला सहसा पोचा येत नाही. समजा, अशी एखादी जुनी गाडी हातोहात विकली जाऊन आमच्या मावळात, तिकोणा पेठेत आली. गडाच्या पायथ्याशी उन्हाळाभर ऊन आणि मृगानंतर धो धो पाऊस. काही वर्षांत टाकी पिवळी पडते, हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते. मालकाला वाटते, टाकी कुजली!

तर मंडळी, ती कुजलेली नसते. यातल्या बऱ्याच टाक्या पॉलिथिनच्या असतात. कार्ल झीग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने 1953 साली या प्लास्टिकचा कणखर प्रकार साध्या दाबाखाली बनवण्याची रीत शोधली. त्याबद्दल 1963 साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून या साखळ्या तोडतात. हे काम वरच्या कातडीपासून सुरू होते. घरावरच्या पाण्याच्या टाक्या पुष्कळदा काळ्या का असतात? त्यांतली काजळी ऊन अडवते म्हणून.

दुरुस्तीआधी टाकीची जात ओळखा. काही टाक्या नायलॉनच्या असतात. टाकीच्या बुडाशी पाहा. पॉलिथिन असेल तर बहुधा 'पीई' किंवा 'एचडीपीई' अशी अक्षरे असतात, नायलॉन असेल तर 'पीए'. अक्षरे नसतील तर कडेचा नखाएवढा कीस काढून साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिन वर येते, नायलॉन तळाशी बसते. शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग वर्गातही करता येईल. मात्र तिथे कीस नव्या डब्याचा घ्या, पेट्रोलच्या टाकीचा नको.

आता प्रत्यक्ष काम. टाकी उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून दूर रिकामी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. टाकी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि झाकण काढून कित्येक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. मग वॉटर पेपर घेऊन पाणी लावत घासा; आधी 220 नंबरचा, मग 400, मग 600. भुकटी निघाली की थांबा, भिंत पातळ करू नका. आतपर्यंत मुरलेला पिवळेपणा थोडा राहील; त्याने बिघडत काही नाही.

काही कारागीर शेवटी गरम हवेच्या यंत्राने चकाकी आणतात. आपण घरी ते करू नये. प्लास्टिकच्या भिंतीत पेट्रोल मुरलेले असते आणि रिकाम्या टाकीतूनही ते दिवसचे दिवस बाहेर येत राहते. याच कारणाने पॉलिथिनच्या टाकीवर दिलेला रंग टिकत नाही. वाफ आतून दाबते आणि फोड येतात.

नायलॉनचे दुखणे वेगळे. ते पाणी आणि अल्कोहोल शोषून फुगते. डुकाटीच्या काही गाड्यांच्या टाक्या अशा फुगल्या आणि अमेरिकेत प्रकरण न्यायालयात गेले. आपल्याला हे दूरचे वाटू नये. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग 2001 साली देशात झाले, त्यांत आपली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. 2022 साली हे प्रमाण 10 टक्क्यांवर आणि 2025 साली 20 टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात झाकणाखालचे रबर चांगले असू द्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. फुगलेली टाकी रिकामी करून काही आठवडे वाळवली तर पुष्कळदा थोडीफार आकसते.

आता सर्वांत महत्त्वाचे. घासून झाल्यावर टाकीत पाणी भरा आणि ती रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, किंवा पेट्रोलच्या तोटीशी अथवा बोल्टांभोवती केसाएवढी चीर दिसली, तर त्या टाकीत पुन्हा पेट्रोल भरू नका. एरवी आपण गळतीवर लावतो तो लेप पॉलिथिनला नीट धरत नाही. वरून बुजलेली चीर खड्ड्यातल्या एका धक्क्याने उघडते, आणि खाली तापलेले इंजिन असते. माझा विषय अर्थशास्त्र. हजार-दोन हजार वाचवण्याचा मोह मला चांगला समजतो. पण या व्यवहारात तारण ठेवायचा असतो तो स्वतःचा जीव, आणि मागे बसलेल्या लेकराचा.

अशी टाकी भंगारात द्या. पिण्याचे पाणी, दूध किंवा तेल साठवायला ती वापरू नका. कितीही धुतली तरी पेट्रोल तिच्या अंगात राहतेच.

म्हणजे पिवळेपणा आणि भुकटी हा वरचा आजार. तो आपल्या हाताने बरा होतो. चीर हा हाडाचा आजार. तिथे टाकी बदलणे हाच उपाय. हा फरक ओळखून मगच वॉटर पेपर हातात घ्या.