कॅम्परचा व्हॉल्व

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आमचं कॅम्पिंग’ या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं कार्यकारिणीने मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सरोवर, शेकोटी, भाजलेली कणसं असं काहीतरी असणार. मी बोलणार आहे संडासाच्या व्हॉल्वबद्दल. तेही जेवणाआधी. ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल बाहेर पॅटिसच्या टेबलाकडे जावं, मला वाईट वाटणार नाही. कोणी उठत नाहीये, म्हणजे पॅटिस संपलेले दिसतात.

तर या वर्षी मार्चमध्ये आम्ही नवा कोरा कॅम्पर घेतला. गाडीमागे जोडून ओढायचा, बावीस फुटी. २०२० साली घरात कोंडून बसलो तेव्हापासून तो बायकोच्या डोक्यात होता. तेव्हा तो सगळ्या अमेरिकेच्याच डोक्यात होता म्हणा. २०२१ साली इथल्या कारखान्यांतून अशा सुमारे सहा लाख गाड्या बाहेर पडल्या. यातल्या बहुतेक आपल्या शेजारच्या इंडियानात, एल्खार्ट शहराच्या आसपास बनतात. आम्ही गर्दी ओसरू दिली आणि मग घेतला. दोन वर्षं भारताची वारी रद्द करून साठवलेले पैसे होते ते. म्हणून मग मे महिन्यात आई आणि तात्यांनाच इकडे बोलावून घेतलं.

आईने आत शिरल्या शिरल्या शेगडी पाहिली. मग दोन पावलांवरचं अरुंद दार उघडून आत डोकावली. मग परत शेगडीकडे पाहिलं.

“हे इथेच?”

“हो.”

“आणि जातं कुठे ते?”

“खाली टाकी आहे.”

“म्हणजे आपण ते बरोबर घेऊन हिंडायचं?”

याला उत्तर नाही. आईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

ज्यांनी कॅम्पर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोटाखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सिंकच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी ब्लॅक टँक. तिच्यात काय असतं ते नावावरून ओळखा. आमची तीस गॅलनची आहे, म्हणजे साधारण एकशे तेरा लिटर. ग्रे आणि ब्लॅक या दोन्हींना आपापला व्हॉल्व असतो, दांडी ओढली की आतली पट्टी सरकते आणि वाट मोकळी होते. दोन्ही पाइप पुढे एकाच तोंडाला येऊन मिळतात आणि त्या तोंडावर एक झाकण असतं. ही ‘एकाच तोंडाला’ गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली ट्रिप मिशिगन सरोवराच्या काठी झाली. मुलं खूश, आईने तीन दिवस संडासासाठी कॅम्पग्राउंडच्या इमारतीपर्यंत चालत जाणं पसंत केलं. निघताना टाक्या रिकाम्या करायला आम्ही डंप स्टेशनच्या रांगेत लागलो. मी व्हिडिओ पाहून तयारी केली होती. हातमोजे घातले, दोन्ही दांड्या आत ढकललेल्या आहेत ना ते पाहिलं, नळी जोडण्यासाठी झाकण फिरवून काढलं, आणि नळी लावायच्या आतच जे बाहेर आलं ते माझ्या नव्या बुटांवर. अर्धी बादली तरी असेल. व्हॉल्व बंद असताना! मागे रांगेत सात गाड्या. बायकोने मुलांना गाडीच्या काचा वर करायला सांगितल्या, ते मला ऐकू आलं.

घरी येऊन विक्रेत्याला फोन केला. गाडी वॉरंटीत, तीन महिन्यांचीही नाही. उत्तर मिळालं, सीझन आहे, सहा आठवड्यांनी आणा. आणि आणताना टाकी स्वच्छ धुऊन आणा. मग मला तिकीट नंबर देण्यात आला. मंडळी, गेली बारा वर्षं मी लोकांना तिकीट नंबर देतो. तो घेणाऱ्याला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. सहा आठवडे म्हणजे आई-तात्यांचा परतीचा दिवस.

शेवटी तिथल्याच एका भल्या माणसाने सांगितलं, की रबरी सीलचा सेट फुकट पाठवतो, बसवायचं असेल तर तुम्ही बसवा. वॉरंटीला धक्का लागणार नाही हे मी ईमेलमध्ये लिहून मागितलं. तेवढी अक्कल नोकरीने दिली आहे.

आता जरा तात्यांबद्दल सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तात्या नगरपालिकेत होते. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना असायचा, त्यात मी ‘नोकरी, नगरपालिका’ एवढंच लिहायचो. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनियरिंगला गेल्यावर कोणी विचारलं तर “पाणीपुरवठा विभागात” म्हणायचो. ते पूर्ण खोटं नव्हतं. पहिली आठ वर्षं ते पाणीपुरवठ्यातच फिटर होते. पुढची बावीस वर्षं ड्रेनेजला. संध्याकाळी ते मागच्या दाराने यायचे, न्हाणीघरात कढत पाण्याने अंघोळ करायचे आणि मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचे. आईचा तसा नियमच होता. ते नेमकं काय काम करतात हे मी कधी विचारलं नाही. माझ्या नोकरीबद्दल मात्र ते दर रविवारी फोनवर विचारतात, आणि मी “चाललंय” म्हणतो.

तर मी ड्राइव्हवेवर कॅम्परखाली चटई टाकून आडवा, हातात पाना, लॅपटॉपवर व्हिडिओ. तात्या खुर्ची घेऊन बाजूला बसले. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, घाणीत बिघाड शोधू नये. आधी टाकी धू.”

परत डंप स्टेशनला गेलो. टाकी भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. चौथ्या वेळी नितळ पाणी आलं. घरी येऊन दोन्ही टाक्यांत थोडं थोडं स्वच्छ पाणी घेतलं, झाकण काढलं, खाली बादली ठेवली. ठिबक चालूच. मी म्हटलं, “काढू या ब्लॅकचा व्हॉल्व.”

“ब्लॅकचाच कशावरून? तोंड तर एकच आहे.”

मला उत्तर सुचेना. टूथपेस्टसारखं काहीतरी पांढरं पाणी असतं तर ग्रेचं म्हणालो असतो, पण आता दोन्हीकडे सारखंच नितळ. तात्यांनी आईला हाक मारली आणि जिलबीसाठी आणलेली खायच्या केशरी रंगाची बाटली मागितली. आईने ती दिली, मग कशाला हवी आहे ते तिला कळलं, आणि मग ती बराच वेळ बोलत होती. तात्यांनी अर्धी बाटली कमोडमध्ये ओतली, वर तांब्याभर पाणी सोडलं आणि म्हणाले, “चहा घेऊ.” वीस मिनिटांनी बादलीत केशरी थेंब पडत होते. ब्लॅकचाच.

मी रोज हेच काम करतो, मंडळी. कोणता सर्व्हर चुकतोय ते शोधायला आम्हीही एक खुणेची नोंद आत सोडतो आणि कुठून बाहेर पडते ते बघतो. तात्या चुना पडलेल्या भिंतींच्या गटारांत हे तीस वर्षांपूर्वी करत होते, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.

रांगेतल्या एका गृहस्थांनी दुसरा उपायही सुचवला होता. बाहेरच्या तोंडावर चढवायचा एक जादा व्हॉल्व दुकानात मिळतो, फिरवून बसवला की झालं. पुष्कळ लोक तेच करतात आणि त्यात चूक काही नाही. तात्यांना मात्र पटेना. “गळती थांबत नाही, नुसती चार बोटं पुढे सरकते,” म्हणाले. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मी घरी काही बोललो नाही.

टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या. व्हॉल्व काढणं म्हणजे चार बोल्ट. ते काढले, दोन्ही बाजूचे पाइप किंचित फाकवले की मधला ठोकळा खाली सरकून हातात येतो. सरकपट्टीच्या खाचेत प्लॅस्टिकची एक गुंडाळी अडकली होती, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी. टाकीला भोकं पाडताना निघालेला कीस कारखान्यात कोणी झाडला नव्हता, तोच वाहत येऊन तिथे बसला होता. दांडी आत ढकलली की पट्टी त्याला अडून राहायची, आणि त्याने सीलच्या ओठालाही चीर पाडली होती. म्हणजे दांडी ‘बंद’ सांगत होती आणि आत वाट उघडी.

मी हातमोजे घालून खाचेत हात घालणार, तर तात्यांनी मोजे मागितले. मी म्हटलं, “तात्या, तुम्ही नको, मी करतो.” म्हणाले, “दे इकडे.”

ते खाच पुसत होते आणि बोलत होते. मोठ्याने नाही, स्वतःशी बोलल्यासारखं. “बावीस वर्षं ड्रेनेजला काढली. व्हॉल्व फिरवला, पंप लावला, रजिस्टर भरलं. चेंबरमध्ये मी कधी उतरलो नाही. उतरणारी माणसं वेगळी होती. कोणत्या आळीतली, ते तुला माहीत आहे.” मला माहीत होतं. “कंबरेला दोर बांधायचे. दोराचं टोक माझ्या हातात. वर आल्यावर त्यांना पाणी मी द्यायचो, पण वरून ओतायचो. भांडं देत नव्हतो.”

मी काय बोलणार? १९९३ साली हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध कायदा झाला, २०१३ साली गटार-सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवण्यावर बंदी घालणारा दुसरा झाला. तात्या दोन्हींच्या मधल्या काळातले. इथे डंप स्टेशनच्या रांगेत निवृत्त ट्रकवाला आणि दातांचा डॉक्टर आपापली नळी आपापल्या हाताने धुतात, हे तात्यांनी त्या दिवशी खुर्ची टाकून अर्धा तास पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं की त्यांना मजा वाटतेय.

आई दारात उभी होती. ती आत गेली आणि थोड्या वेळाने चहाचे कप घेऊन बाहेर आली. तात्यांचे हात अजून धुवायचे होते. तिने कप त्यांच्या शेजारी चटईवरच ठेवला. अंघोळीचं काही म्हणाली नाही.

उरलेलं काम पटकन झालं. नवी सील बसवताना तिचा ओठ दुमडू द्यायचा नाही. बोल्ट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, नाहीतर व्हॉल्व तिरका बसतो. प्लॅस्टिकचे पाइप आहेत, जोर दाखवायचा नाही. मग टाकीत पाणी, झाकण उघडं, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद, रात्रभर. सकाळी तात्या माझ्याआधी उठून कागद बघून आले होते. कोरडा होता.

या रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, थंडीआधी टाक्यांचं काय करणार. मी सांगितलं की पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना चालणारं. गाडीच्या इंजिनातलं विषारी असतं, ते नाही. मग त्यांनी ते कुठून भरतात, किती लागतं, व्हॉल्वच्या खाचेत पोचतं का, असं सगळं विचारलं. पाऊण तास बोललो. त्यात मी त्यांना त्या दोरवाल्या माणसांची नावं विचारली. पाच नावं सांगितली त्यांनी. एक सहावं आठवत नव्हतं, ते आईने मागून सांगितलं.

कार्यकारिणी मला घड्याळ दाखवतेय, तेव्हा आटोपतो. एकच खुलासा. बाहेर मसाला दूध तयार आहे आणि त्याचा रंग केशरी आहे. ते खरं केशर आहे, बायकोने सकाळी स्वतः घातलंय. ती बाटली आमच्या कॅम्परच्या टूलबॉक्समध्ये असते.