पाचोळ्यातील विद्या



चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल म्हटले की वाघ आठवतो. मी मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायींविषयी बोलणार आहे. पवित्र कुरआनात मुंगी, मधमाशी आणि कोळी यांच्या नावांच्या सूरा आहेत. तेव्हा लहान जीव निरखणे हे कमीपणाचे काम खासच नव्हे.

नवी जात शोधायची कशी? पावसाळ्यात ओला पाचोळा गोळा करून चाळायचा. शंखाची उंची मोजायची, वेटोळी मोजायची, ती उजवीकडे वळतात की डावीकडे ते भिंगाखाली पाहायचे. मग पूर्वी वर्णिलेल्या जातींशी ताडायचे. त्यासाठी १९०८, १९१४ आणि १९२१ साली निघालेले ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे खंड आजही उघडावे लागतात. वेगळेपण पटले तरच नाव द्यायचे, वर्णन छापायचे आणि मूळ नमुना संग्रहालयात ठेवायचा. म्हणजे आपली चूक असल्यास पुढच्या माणसाला ती दाखवता येते. याच वाटेने अमृत भोसले व सहकाऱ्यांनी २०२१ साली आंबोलीची ‘वराडिया आंबोलिएन्सिस’ जगापुढे आणली.

आपल्याकडे चुनखडी आहे, आणि शंखाला चुना लागतो. पण मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्या वेळी गोगलगाय शंखाचे तोंड मिटून पाचोळ्यातच पडलेली असते. तिला पळता येत नाही. नाव मिळण्याआधीच एखादी जात राख होऊ शकते.

डॉ. सलीम अली यांनी १९०८ साली, लहान वयात, एक अनोळखी चिमणी मारून आणली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी परिचयपत्र देऊन त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. त्या एका चिठ्ठीने आयुष्याला दिशा मिळाली.

पालकहो, उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी रिकामा शंख घेऊन घरी आली, तर “फेकून दे” म्हणू नका. “कुठे सापडला? केव्हा?” एवढे विचारा आणि ते कागदावर लिहून ठेवायला लावा. ठिकाण व तारीख नसलेला शंख शोभेचा. ती लिहिलेला शंख शास्त्राचा. डॉक्टर-इंजिनीयर होण्याइतकीच हीही विद्या आहे.

अल्लाह आपल्या मुलामुलींना पाहणारी नजर देवो. खुदा हाफिज.