यकृताची साक्ष

वडगाव निंबाळकरच्या उंसाला घालतात तो युरिया मनुष्याचें यकृतहि अहोरात्र बनवीत असतें. विषारी अमोनियापासून युरिया करण्याचा आरंभ ज्या विकरानें, म्हणजे एन्झाइमनें, होतो, तें हुडकणारें ‘हेप पार १’ हें प्रतिपिंड १९९३ सालीं पुढें आलें. तें याच विकराला चिकटतें, हें २००८ सालीं उमगलें.

यकृतांतील गांठ तेथलीच कीं अन्य अवयवांतून आलेली, हें कळल्यावांचून उपचाराची दिशा ठरत नाहीं. गांठीच्या पातळ कापावर प्रतिपिंड सोडतात. विकर असेल तेथें तें चिकटतें व रंगद्रव्य घालतांच तपकिरी छटा उमटते. मात्र जठराच्या कांहीं गांठीहि रंगतात, यकृताच्या कांहीं रंगत नाहींत. म्हणून सुज्ञ वैद्य दुसरी साक्ष काढल्यावांचून निवाडा देत नाहीं.