पावसात गाडी अडते तेव्हा

(पुसेगाव येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



मला वाटलं होतं, आज पोटगीवर बोलायला सांगाल. तुम्ही सांगितलंत, गाडीवर बोला. बरं झालं.

आपल्यातल्या काहीजणी गाडी चालवायला शिकल्या, लायसन काढलं. पण गाडी अडली की आपण बाजूला सरकतो आणि म्हणतो, ‘दादा, जरा बघता का?’ दादा बघतोही. पण रात्री, पावसात, रस्त्यावर भेटणारा दादा कोण असेल हे आपल्या हातात नसतं.

आपली पहिली गाडी म्हणजे जुनी पेट्रोल व्हॅन, कार्बोरेटरवाली. जुलैची रात्र होती. सेनगावच्या स्टँडवरून एका बाईचा फोन आला. अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर काढलेली, कडेवर पोर. मी म्हटलं, तिथंच थांब, निघालेच. सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण पेट घेईना. चारजण जमले. एक म्हणाला बॅटरी गेली, दुसरा म्हणाला पंप गेला, मग सगळ्यांनी मिळून चिखलात धक्का मारला. दीड तासाने पाऊस थांबला, वारा सुटला, आणि गाडी आपली आपण चालू झाली. स्टँडवर कुणी नव्हतं. नवरा येऊन तिला घेऊन गेला होता. ती परत आपल्याकडे पोचायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांतलं मी इथं सांगणार नाही, ते तिचं आहे.

बॅटरी गेलेली नव्हती. तशी गेली असती तर इंजिन जोरात फिरलंच नसतं. एवढं कळायला मला गॅरेजमधला पोरगा भेटावा लागला. त्याने कोरडं फडकं घेऊन डेल्कोची टोपी पुसून दाखवली. बस्स, एवढंच!

पेट्रोल ठिणगीने पेटतं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट होतात आणि डेल्कोतून, जाड वायरींतून प्लगपर्यंत जातात. टोपीवर ओलाव्याचा थर बसला किंवा वायरीला बारीक तडा असला, की तो करंट मधल्या मध्ये इंजिनच्या लोखंडात उतरतो. उन्हाळ्यात तीच गाडी मुकाट चालते, ती म्हणूनच.

तेव्हा आधी कान लावा. सेल्फ नुसता ‘टक्’ करतो किंवा इंजिन रडत फिरतं? मग बॅटरी बघा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड असेल तर ती साफ करून टोकं घट्ट आवळा. इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही? मग नाक लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर बहुतेक ठिणगी हरवली आहे. अंधार असेल तर बॉनेट उघडून एकीने सेल्फ मारावा, दुसरीने लांबून बघावं. वायरींवर निळसर ठिणग्या पळताना दिसल्या की चोर सापडला. त्या वेळी हात लावायचा नाही. कंदील, काडी जवळ आणायची नाही, टॉर्चच हवा.

मग चावी काढा. टोपी आतून-बाहेरून पुसा, वायरी पुसा, प्लगच्या टोप्या पुसा. वायर एका वेळी एकच काढायची, नाहीतर क्रम चुकतो आणि नवीनच दुखणं मागे लागतं. टोपीच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसून भागत नाही, टोपी बदला. आणि सारखा सेल्फ मारू नका. प्लग पेट्रोलने भिजतात. तसं झालंच तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारायचा.

आपल्याकडच्या जीपा डिझेलच्या. त्यांत प्लगची ठिणगी नसतेच, तिथं डेल्को शोधत बसू नका. बॅटरी, अर्थिंगची वायर बघा, आणि डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पाणी काढा. नव्या गाड्यांत डेल्को नाही, बिघाड मशीन लावून बघतात. पण बॅटरीची टोकं तिथंही गंजतात. आणि ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर कुणी कितीही सांगो, सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतला दांडा वाकतो.

१८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि उघडी पडलेली वायर मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली, असं सांगतात. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, परभणीची शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागली. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे ती आपल्याच जिल्ह्यातली.

चहा नंतर. व्हॅन अंगणात उभी आहे. डेल्कोवर पाणी मारून मीच ती बंद पाडून ठेवली आहे. दोघी-दोघी या. एक सेल्फवर, एक बॉनेटपाशी. पदर खोचा, बांगड्या मागे सारा, फडकं मी देते.