पुसलेल्या चित्रांची साक्ष



महाराजा सयाजीराव विद्यापीठात नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाताखाली शिकलेले बडोद्याचे ज्योती भट्ट मुळात चित्रकार. १९६७ साली एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे घेण्यास ते खेड्यांत गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना त्याच कामाचा ध्यास लागला.

शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर गृहिणींनी रेखिलेले मोर, हत्ती, वेलबुट्टी, अंगणातील रांगोळ्या, हातांवरील गोंदण हे सारे त्यांनी टिपले. भिंतींवरील चित्रे टिकावीत म्हणून कुणी काढलीच नव्हती. सणापूर्वी नवे सारवण होई, जुने चित्र जाई आणि त्याच जागी दुसरे उमटे. रेखाटणारा हात घरातच असल्याने पुसण्याची खंत कुणाला नसे. मातीच्या भिंतीच्या जागी सिमेंटची भिंत आली, तेव्हा मात्र गेलेले चित्र परतले नाही.

छायाचित्राने भिंत वाचत नाही. काय होते, एवढी साक्ष उरते. भट्टांना २०१९ साली पद्मश्री लाभली. भिंती रंगविणाऱ्या बहुतेक स्त्रिया अनामिकच राहिल्या. म्हणून ग्रंथालयाच्या सभासदांस एकच विनंती : घरातील जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर गाव, वर्ष आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. ती सांगू शकणारे वडीलधारे अजून घरात आहेत, तोवरच.