कोपऱ्यात थांबलेलं रक्त



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातली माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. पूर्वी भेटल्यावर मुलांच्या दहावीची चौकशी व्हायची, आता कोणाला स्टेंट बसली याची होते. म्हणून आज मी हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या एका धोक्याबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनीअर आहे. पण माझ्या दादाच्या आजारपणात डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते. दादाला तुम्ही ओळखता. आपल्यापुढे तीन इयत्ता होता, शाळेच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. आजही गावच्या सामन्यांचं समालोचन तोच करतो. त्याच्या परवानगीनेच बोलते आहे.

रात्री दोनच्या सुमारास त्याच्या छातीवर दडपण आलं, घाम फुटला. पित्त असेल म्हणून त्याने ओवा चावला, गोळी घेतली आणि उजाडायची वाट पाहिली. मिरजेला पोहोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी करून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण रक्तवाहिनी उघडली तरी मधल्या सात तासांत जो स्नायू मेला, तो मेलाच. घरी सोडताना इको काढला. डावा कप्पा दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. दादाचा ३५ होता. डॉक्टर म्हणाले, “आत गुठळी दिसत नाही, पण दहा दिवसांनी पुन्हा इको करायचा.”

दादा म्हणाला, “आता कशाला? बरं वाटतंय की.” वहिनी म्हणाली, “त्यांनी सांगितलंय ना? मग जायचं.” ती घेऊन गेली. दुसऱ्या इकोत डाव्या कप्प्याच्या टोकाशी गुठळी दिसली.

विज्ञानाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, हृदयाची आकृती तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा काढून घेतलीत की चार कप्पे झोपेतही आठवतात. त्यातला डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. त्याची पुढची भिंत आणि खालचं टोक यांना मुख्यतः एकच मोठी रक्तवाहिनी रक्त देते. तीच बंद पडली तर टोकाकडचा भाग आकुंचन पावेनासा होतो. बाकीचा कप्पा पिळला जातो आणि टोकाशी रक्त रेंगाळतं. विरजण लावलेलं भांडं आपण हलवत नाही, कारण हलवलं तर दही नीट लागत नाही. रक्ताचंही काहीसं तसंच आहे. ते वाहतं राहिलं तर गोठत नाही, एका जागी थांबलं की गोठू लागतं.

रक्त गोठण्याची तीन कारणं वैद्यकात जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिरखो यांच्या नावाने ओळखली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, आतल्या अस्तराला इजा होणं आणि खुद्द रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. मोठ्या झटक्यानंतर हृदयाच्या टोकाशी ही तिन्ही एकत्र येतात. गुठळी बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत तयार होते. म्हणून पहिला इको स्वच्छ आला तरी दुसरा करावा लागतो. शंका राहिली तर हृदयाचा एमआरआय जास्त खात्रीने सांगतो.

गुठळी जागेवर बसून राहिली तर बहुधा त्रास देत नाही. भीती असते ती तुकडा सुटण्याची. सुटलेला तुकडा रक्ताबरोबर मेंदूत गेला तर पक्षाघात, पायात गेला तर पाय धोक्यात, आतड्याकडे किंवा मूत्रपिंडाकडे गेला तर तिथलं नुकसान. गुठळीवर उपचार केले नाहीत तर शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा जणांच्या बाबतीत असं घडतं, असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. दादाला डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा त्याने एकच विचारलं, “म्हणजे माझं बोलणं जाऊ शकतं?” डॉक्टर म्हणाले, “जाऊ शकतं. म्हणून तर गोळी द्यायची.”

आता या गोळीबद्दल. आपण सरसकट ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो. आणि या गोळ्या दोन जातींच्या असतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्तातल्या चिकटणाऱ्या कणांना आवरतात. स्टेंट उघडी राहायला त्या लागतात. कप्प्यात थांबलेल्या रक्ताच्या गुठळीला त्या पुरत नाहीत. तिथे वॉरफॅरिनसारखी दुसऱ्या जातीची गोळी लागते. हल्ली काही रुग्णांना त्याऐवजी नव्या गोळ्याही देतात. म्हणून “एक गोळी चालू आहे, मग दुसरी कशाला?” असं ठरवून कुठलीही गोळी आपली आपण बंद करायची नाही. दोन्ही जातींच्या एकत्र घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे किती आणि किती दिवस हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

वॉरफॅरिनची जन्मकथा तर आजच्या दिवशी सांगायलाच हवी. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. गाडीत एक मेलेली कालवड, बुरशी लागलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे सहा वर्षं खपून त्या चाऱ्यातलं रक्तस्राव घडवणारं द्रव्य शोधलं. त्याच घराण्यातलं एक रसायन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते देण्यात आलं. या संशोधनामागे उभी होती त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेली संस्था, विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन. तिच्या आद्याक्षरांवरूनच ‘वॉरफॅरिन’ हे नाव आलं. माजी विद्यार्थी एकत्र आले की नुसतं जेवण होतं असं नाही!

पण ही गोळी सांभाळावी लागते. कमी पडली तर गुठळी वाढते, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी असते. गुठळीसाठी तो आकडा बहुधा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. मी दादासाठी फोनवर तक्ता बनवून दिला. वहिनीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेखाली आकडा आणि डोस लिहायला सुरुवात केली. टिकलं ते कॅलेंडर. एकदा दाढेसाठी अँटिबायोटिक घेतल्यावर आकडा ३.८ वर गेला. तपासणी वेळेवर झाली म्हणून कळलं, डॉक्टरांनी डोस कमी केला. तेव्हापासून कुठलंही नवं औषध, काढा, अंगदुखीची गोळी घेण्याआधी ते विचारतात. पालेभाजी बंद केली नाही. पालक, मेथी रोज साधारण सारख्याच प्रमाणात ठेवली, कारण त्यातलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. आज ताटभर आणि मग पंधरा दिवस अजिबात नाही, असं चालत नाही.

तीन महिन्यांनी गुठळी लहान झाली होती. सहा महिन्यांनी इको स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी स्वतः वॉरफॅरिन थांबवलं. यंदाच्या सामन्यांचं समालोचन दादानेच केलं. आवाज तोच आहे, फक्त आता मध्ये मध्ये बसून बोलतो.

म्हणून तुम्हा सर्वांना, विशेषतः सर आणि बाई तुम्हालाही, चार गोष्टी सांगते. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर उजाडायची वाट पाहू नका, १०८ लावा. रक्तवाहिनी जितकी लवकर उघडते तितका स्नायू वाचतो आणि गुठळीची शक्यताही घटते. झटका येऊन गेला असेल तर “माझ्या डाव्या कप्प्याचा आकडा किती? पुढचा इको कधी?” हे दोन प्रश्न घरी निघण्यापूर्वी विचारा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जा आणि कोणती गोळी चालू आहे ते पोहोचताक्षणी सांगा. आणि चौथी गोष्ट, ज्या घरात “डॉक्टर म्हणालेत ना? मग जायचं” असं म्हणणारं माणूस आहे, त्या माणसाशी वाद घालू नका.

आज जेवणानंतर प्रत्येकाने आपल्या चालू औषधांचं नाव आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पेनं मी आणली आहेत.